आक्का, तांबडा अजून आमच्या अंगणात आहे

तीर्थस्वरूप आक्का,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही ‘हे काय गं परक्यावानी’ म्हणता आणि चुलीवर चहाचं आधण ठेवता. म्हणून लिहून काढते आहे. तुमची नात वाचून दाखवेल. चारचौघांत लिहिण्याला आणखी एक कारण आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या शिराळा-कोकरूड भागात हल्ली पुण्या-मुंबईहून परतलेली, मळ्यात घर बांधलेली बरीच मंडळी हौसेनं कोंबड्या पाळतात. कोंबडा अंगावर यायला लागला की जो तो त्यांना एकच सल्ला देतो, कापून खा. तुम्ही मला दुसरं काही शिकवलंत. ते त्यांच्यापर्यंतही पोचावं.

आमचा तांबडा कोंबडा आठवडी बाजारातून तलंगांबरोबर, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांबरोबर, आला तेव्हा जेमतेम तुरा फुटलेला पोर होता. लेकीच्या मांडीवर बसून कण्या खायचा. पाच-सहा महिन्यांचा झाला, आरवायला लागला आणि त्याचा नूरच पालटला. झाडू दिसला की झेप, बादली दिसली की झेप, लेकीच्या परकराचा घोळ हलला तरी झेप. पायामागचा काटा पोटरीत घुसला की काय होतं ते लागलेल्यालाच ठाऊक. सासरे म्हणाले, आखाड येतोय, तोवर डालग्याखाली ठेवा. कुणाचाच विरोध नव्हता. लेक तेवढी रडत होती. मला तिच्या रडण्याचीही काळजी आणि तिच्या डोळ्यांचीही.

तुम्ही त्या दिवशी ताक घेऊन आलात. सगळं ऐकून घेतलंत आणि काही न बोलता उंबऱ्यावर बसलात. मला वाटलं, काहीतरी झाडपाला सांगाल, नाहीतर त्याचे पाय बांधायला लावाल. तुम्ही नुसतं बघत होतात. बऱ्याच वेळानं म्हणालात, ‘त्येचा डावा पंख बग.’ मी पाहिलं. तो पंख जमिनीला घासत तिरपा-तिरपा चालत होता. मध्येच थांबून मातीत चोच मारायचा, उचलायचा मात्र काहीच नाही. मग मानेवरची पिसं फुलली. त्यानंतर झेप. ‘त्यो आदी सांगतोय,’ तुम्ही म्हणालात, ‘तुला ऐकू येत न्हाय.’

आक्का, आमचा सगळा त्रास एका वाक्यात पकडलात. आम्हाला वाटत होतं तो अचानक येतो. तो कधीच अचानक येत नव्हता.

मग तुमचा तो धडा. ‘पळू नगंस. पळालीस की त्यो जितला. आन् लाथ बी घालू नगंस, लाथ घातलीस की त्याला वाटतंय तू बी कोंबडाच हायीस.’ तो तिरपा आला की आपण बाजूला व्हायचं नाही. बादली पुढं धरून त्याच्याच रोखानं सावकाश दोन पावलं टाकायची, तो वळेपर्यंत. दाणे हातानं भरवायचे नाहीत, तो मागं सरल्यावर टाकायचे. दिवस मावळला, तो खुराड्यातल्या दांडीवर बसला की अंधारात त्याला काही दिसत नाही. तेव्हा अलगद उचलायचा, पंख दाबून काखेत धरायचा आणि आपली कामं करत फिरायचं. अंग सैल सोडेपर्यंत खाली ठेवायचं नाही, कारण फडफडताना सोडला तर फडफडलं की सुटतो एवढंच तो शिकतो. काट्याचं टोक तुम्ही स्वतः कानशीनं घासून बोथट केलंत. फक्त टोक, आत हाड आणि रक्त असतं, हे बजावून.

आणि लेकीच्या बाबतीत तुम्ही जराही सूट दिली नाहीत. ती अंगणात असेल तेव्हा तांबडा डालग्याखाली, आणि तो मोकळा असेल तेव्हा ती मोठ्या माणसाबरोबर. लहान मुलाचं तोंड कोंबड्याच्या झेपेच्या उंचीवर येतं. कोंबडा कितीही शहाणा झाला तरी हा नियम मोडायचा नाही, हे वाचणाऱ्या आईबापांनीही ध्यानात ठेवावं.

हाताळायला शिकवून तुम्ही थांबला नाहीत. काळ्या कोंबडीला उचलून तिची पाठ दाखवलीत. पिसं गेलेली, कातडं लाल. एका कोंबड्यामागं आठ-दहा माद्या हव्यात, आमच्याकडं त्याच्या निम्म्याच होत्या. सगळा भार त्यांच्या पाठीवर पडत होता. तुमच्या खुराड्यातल्या तलंगा तुम्ही पाटीत घालून आणून दिल्यात आणि पैशांचं नाव काढू दिलं नाहीत. माद्या वाढल्या, त्यांच्या पाठी भरल्या आणि तांबड्याची माणसांशी असलेली खुमखुमीही ओसरत गेली. आखाड आला नि गेला. सासऱ्यांनी त्या वर्षी बाजारातून मटण आणलं.

पुढं मी तुमच्यासारखं बसून बघायला लागले, तेव्हा कळलं की हा पक्षी दिवसभर राबत असतो. किडा सापडला की आधी स्वतः गिळत नाही. कुक्-कुक् करत उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो, माद्या धावत येईस्तोवर. अंडं घालायची वेळ झालेल्या तलंगेला कोपरा दाखवायला जातो. उसाच्या फडातून मुंगूस आलं की लांबलचक कलकलाट करतो. घार आली तर मात्र एकच बारीक, ओढलेला आवाज, आणि सगळ्या माद्या पेरूखाली गडप. तुम्ही घरात भाकरी थापताना नुसत्या कानानं सांगता, ‘वरचं हाय’ किंवा ‘खालचं हाय’. शास्त्रज्ञांनीही हे दोन इशारे वेगळे असल्याचं तपासून पाहिलं आहे.

तुमचं आणखी एक बोलणं मी पुस्तकाशी ताडून पाहिलं. तुमच्याकडं पहाटे आधी म्हातारा कोंबडा आरवतो आणि मगच बाकीचे. ‘मान हाय त्येचा,’ असं तुम्ही म्हणता. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमकं हेच मांडलं: कळपात ज्याचं स्थान सगळ्यांत वरचं तो आधी बांग देतो, बाकीचे क्रमानं मागून. त्याआधी २०१३ मध्ये त्यांनीच दाखवलं होतं की उजेड नसला तरी कोंबड्याला पहाट कळते, ते घड्याळ त्याच्या शरीरातच असतं. कोंबड्यांमधली ही चोचीची उतरंड पहिल्यांदा नीट लिहून काढली ती नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी, १९२१ च्या सुमारास. लहानपणापासून त्यांना अंगणातल्या कोंबड्या न्याहाळायचा नाद होता. वाचताना मला सारखा तुमचा उंबरा आठवत होता.

तुमच्या माहेराकडं, चांदोलीच्या जंगलात, राखी रानकोंबडा ओरडतो. आपल्या कोंबड्यांचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा, पण त्यांच्या पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला असं २००८ च्या एका संशोधनात निघालं. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या पाखराचं थोडं रक्त आमच्या अंगणातही आहे. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पन रानातला कवा मान्साच्या अंगावर येत न्हाय. त्येला आपलं भ्या हाय. मांडीवर वाडीवल्याला कशाचं भ्या?’ तांबड्याचं सगळं कोडं मला तिथं सुटलं. लाडानं वाढलेला पोर वयात आला की माणसालाही आपल्यातलाच दुसरा कोंबडा समजतो. त्याच्या मनात आमच्याबद्दल राग नव्हता. आम्ही कोण, हेच त्याला ठरवता येत नव्हतं.

सगळ्यांत मोठे उपकार मात्र मानमोडीच्या, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या, बाबतीतले. तुमचं आख्खं खुराडं एकदा त्या रोगानं रातोरात गेलं होतं, म्हणून त्या विषयावर तुम्ही कुणाचंच ऐकत नाही. मान वाकडी झाल्यावर दवाखान्यात धावून उपयोग नसतो. या रोगाला औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की आर-टू-बीचं इंजेक्शन. चार कोंबड्या पाळणाऱ्याची अडचण अशी की लसीची बाटली शंभर-शंभर पाखरांची येते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून तुम्ही सगळ्या वस्तीची पिल्लं एकाच दिवशी गोळा करता. दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासात बाटली आणायला कुणाचातरी पोरगा गाडीवर जातो आणि तो येईस्तोवर तुमच्या अंगणात डालग्यांची रांग लागते. कुणाच्या घरात कुणाशी भांडण आहे हे त्या सकाळी तुम्ही बघत नाही. आमची पिल्लं त्या रांगेतूनच वाचली.

तुम्ही प्रत्येक कोंबड्याला वाचवायला निघालेल्या नाहीत, हेही इथं लिहायला हवं, नाहीतर वाचणारे भलता अर्थ घेतील. आमच्या दुसऱ्या कोंबड्याला, त्या पांढऱ्याला, हेच सगळं करून पाहिलं. तो थेट तोंडावर उडायचा. तुम्ही चार दिवस बघितलंत आणि म्हणालात, ‘ह्येला ठिवू नगंस, आन् ह्येची अंडी बी बसवू नगंस. रक्तात हाय.’ मला ते पटलं. तापट कोंबड्याची पिल्लं बहुधा तापटच निघतात, आणि घरात लहान मूल असताना दयेपोटी धोका पत्करण्यात शहाणपण नाही. पण तो झुंजीसाठी मागायला आलेल्या माणसाला तुम्ही फाटकातूनच परतवलंत. चांगले पैसे देत होता. झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे मी त्याला सांगत होते. तुम्ही कायद्याचं नाव न घेता असा आवाज चढवलात की त्यानं गाडी चालू ठेवूनच वळवली. पांढरा घरातच, एका फटक्यात, त्रास न होता गेला. खाण्यासाठी कापणं आणि मजेसाठी रक्त काढायला लावणं यांत तुम्ही जी रेघ ओढलीत, तीच आता आमच्याही घरात आहे.

तांबडा आता पोक्त झालाय. अजून कधीतरी पंख खाली सोडतो. मी दोन पावलं पुढं जाते, तो मातीत चोच मारत निघून जातो. लेक माझ्याबरोबर खुराड्यात येते, अंडी ती काढते. थंडीत दिवस लहान झाल्यावर अंडी कमी झाली तर ती घाबरत नाही, ‘आक्का म्हणाल्या, ऊन वाढलं की घालतील’ असं आजोबांना समजावते. आणि आजोबाच आता पाहुण्यांना सांगतात की घारीला हाकलणारा कोंबडा अख्ख्या वस्तीत एकच आहे, आमचा.

निरोप एवढाच की तुमची कवडी खुडूक बसली की लगेच कळवा. आठवड्याच्या आतली, तांबड्याची, अंडी बाजूला काढून ठेवली आहेत. टोकाची बाजू खाली करून, माठाजवळच्या गारव्यात, तुम्ही दाखवलंत तशी. २१ दिवस चैताचं ऊन तापायच्या आत भरले तर पिल्लांना सोपं जाईल. निम्मी पिल्लं तुमची. या वेळी तुम्ही नाही म्हणायचं नाही.

तुमची,
मळ्यातली सूनबाई