पाण्याची पाळी

सत्तरी, गोवा
फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना होत आला. उत्तर लांबले, कारण तुझे प्रश्न एका ओळीत निकालात काढण्यासारखे नव्हते. मुंबईत 26 वर्षे काढल्यावर मला गाव मानवले का, आणि डोंबिवलीची जागा विकून तूही इकडे जमीन घ्यावीस का, असे तू विचारतोस. गाव मानवले. पण पहिल्या वर्षी मला हे म्हणता आले नसते, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यात अर्थ नाही.

आमचे कुळागर तू पाहिलेस ते डिसेंबरात, पाहुणा म्हणून. डोंगराच्या जांभ्या दगडात मुरलेले पावसाचे पाणी पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडते आणि त्याच ओलीवर कुळागर उभे राहते. वर माड आणि पोफळी, पोफळींना बिलगलेले मिरीचे वेल, त्यांच्या सावलीत जायफळ आणि केळी, पायाशी अननस, कडेला भिरंडीची, म्हणजे कोकमाची, झाडे, अशी दाटी असल्यामुळे जमिनीपर्यंत ऊन फारसे पोचत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्या सत्तरीत त्याहूनही अधिक. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर एवढ्यातच पडून जातो. त्यानंतर पोफळीला जगवतो तो ओहोळ आणि त्यातून काढलेला पाट.

दिवाळीनंतर ओहोळाचा जोर ओसरला की घरटी एक माणूस जमतो आणि दगड, माती व पालापाचोळा रचून सगळे मिळून बांध घालतात. आमच्या ओहोळावर सात कुळागरे आहेत आणि प्रत्येकाला आठवड्यातला एक दिवस नेमलेला आहे. हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. माझे वडील गेल्यावर आमची पाळी दोन वर्षे शेजाऱ्यांनी सांभाळली, आमच्या पोफळींना पाणी दिले आणि सुपारीचा हिशेब वहीत लिहून ठेवला, हे मला येथे राहायला आल्यावर कळले. ती वही हातात घेतली तेव्हा मला काय वाटले, ते लिहायला अजूनही शब्द सापडत नाहीत.

आणि तरीही पहिल्याच एप्रिलमध्ये मी चूक केली. पाने पिवळी पडू लागलेली पाहून मी विजेचा पंप आणला आणि पाळी नसताना सलग तीन रात्री ओहोळातून पाणी उपसले. पाणी दिसते आहे, यंत्र आपले आहे, मग वाट कशाला पाहायची, ही सवय माझ्या अंगात इतकी भिनली होती की आपण कोणाचे काही घेतो आहोत, हे माझ्या मनातही आले नाही. चौथ्या दिवशी सर्वांत खालच्या कुळागरातल्या काकी संध्याकाळी अंगणात आल्या. आवाज न चढवता त्यांनी एवढेच विचारले, "उदक वयर थांबलें जाल्यार सकयल आमी कितें करचें?" (पाणी वरच थांबले तर खाली आम्ही काय करायचे?) त्यांच्या केळीची कोवळी रोपे तोवर माना टाकून बसली होती. मी दुसऱ्या दिवशी पंप उचलला आणि पुढच्या माझ्या पाळीचे पाणी त्यांच्याकडे सोडले. त्यांनी ते निम्मेच घेतले आणि बाकीचे परत माझ्या पाटात वळवले.

त्याच पावसाळ्यात दुसरा धडा मिळाला. संततधार पावसात ऊन दिसेनासे झाले की पोफळीला कोळेरोग लागतो, कोवळी सुपारी कुजते आणि झाडाखाली सडा पडतो. त्यावरचा उपाय जुना आहे: 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घालून केलेले बोर्डो मिश्रण, आणि त्याची पहिली फवारणी पाऊस धरण्याआधी व्हायला हवी. मिश्रणात कोयत्याचे चकचकीत पाते बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजावे. हे सगळे मी शिकलो होतो. पण पोफळीवर चढून फवारणी करणारे गडी आता थोडे उरले आहेत, आणि एकेकाकडे दहा-दहा बागा असतात, याचा विचार मी केला नव्हता. मेच्या अखेरीस फोन केला तेव्हा माझा नंबर सर्वांच्या मागे होता आणि पाऊस त्याआधीच आला. निम्मे पीक गेले. आता मी पाडव्यालाच फवारणी करणाऱ्या गड्याच्या घरी जाऊन दिवस ठरवून येतो, त्याच्या मुलांची चौकशी करतो, चहा घेतो; आणि हा वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

जमिनीविषयी तुला नीट सांगायला हवे. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची वारसाहक्काची चौकट चालत आली आहे. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, आणि हयात जोडीदाराचा निम्मा हिस्सा साधारणपणे वेगळाच असतो. त्यामुळे एक-चौदाच्या (आपल्या सातबाऱ्यासारख्या) उताऱ्यावरचे एक नाव पाहून जमीन त्याची एकट्याची आहे असे कधीही धरू नकोस. माझ्या दोन्ही बहिणी सह्यांसाठी आल्या, चार दिवस राहिल्या आणि जाताना वाटा न मागता भिरंडीची सोलां मागून गेल्या. शिवाय 2023 च्या कायद्यानंतर भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्या माणसाला सहसा विकत घेता येत नाही. दलाल हे सांगेलच असे नाही.

एकटेपणाची भीती मला होती, ती खरी ठरली नाही. घरात आणि पाटावर आम्ही कोंकणी बोलतो. भजन, देवळातले नाटक आणि सकाळचे वर्तमानपत्र मराठीत असते, आणि या दोन भाषांमध्ये येथल्या माणसाला कधी दार उघडावे लागत नाही. गेल्या जत्रेच्या नाटकाला मला प्रॉम्पटर म्हणून बसवले. तालमी रात्री अकराला सुरू होत, आणि त्या महिन्याभरात मला सगळ्या वाड्याची नावे पाठ झाली.

म्हणून माझे मत असे की जागा विकण्याची घाई करू नकोस. आधी मेमध्ये ये, ओहोळ बोटभर उरलेला असताना. मग जुलैत ये, आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत आणि वीज जाते तेव्हा. वहिनींना दोन्ही वेळा बरोबर आण. त्यानंतरही तुमचा विचार कायम राहिला, तर काकींच्या पलीकडचे बंद घर भाड्याने मिळू शकेल. मी त्यांच्याजवळ शब्द टाकून ठेवला आहे.

उद्या आमची पाळी आहे. पहाटे चारला पाटाचे तोंड उघडायचे असते, म्हणून येथेच थांबतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना सोबती