युरिया पीक बघून द्या

महोदय,
युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना मिळते, म्हणून गव्हाला तो सढळ हाताने पडतो. युरियातल्या जादा नत्राने (नायट्रोजनने) पीक लोळते, नायट्रेट झिरपून विहिरीत उतरते. हातात धरायचा ग्रीनसीकर सेन्सर पिकावर लाल आणि अवरक्त प्रकाश टाकतो. हिरवेगार पान लाल शोषते, अवरक्त परतवते. त्यावरून एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा, कळतो. मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नये. एका पट्ट्याला भरपूर नत्र देऊन बाकीचे पीक त्याच्याशी ताडावे, मगच युरियाचा दुसरा हप्ता ठरवावा. पाण्याचा ताण किंवा जस्ताची कमतरता असली तरी आकडा घसरतो. तिथे युरिया ओतून काय साधणार? एकट्यादुकट्याला हे यंत्र परवडणारे नाही. कृषी विभागाने ते शेतकरी गटांना भाड्याने द्यावे, तेही पहिल्या पाण्याच्या आधी.

— एक गहू उत्पादक, निफाड (जि. नाशिक)