टँक शिफ्ट करताना स्पंज धुऊ नका

मा. संपादक,
सध्या आमच्या डोंबिवलीत जिकडे बघावं तिकडे रीडेव्हलपमेंट चालू आहे, अर्धी सोसायटी भाड्याच्या घरात गेलीय आणि सामानासोबत कोणाचा ना कोणाचा फिशटँक पण हलतोच. आमचाही हलला मागच्या मे महिन्यात, तीन फुटी टँक, त्यात सहा एंजल, डझनभर निऑन टेट्रा आणि थोड्या मोली. चौथ्या दिवशी फक्त मोली उरल्या होत्या.

चूक आमचीच होती. नव्या घरात घाणेरडा टँक कसा न्यायचा म्हणून आईने आणि मी मिळून टँक घासला, खडी नळाखाली स्वच्छ केली आणि फिल्टरचा स्पंज तर पाणी पांढरं निघेपर्यंत पिळला. तीच घाण माशांना जगवत होती हे नंतर कळलं. माशांच्या कल्ल्यांतून आणि शी-शूमधून पाण्यात अमोनिया येतो, स्पंजमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वसाहत नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि आम्ही ती नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने दहा मिनिटांत साफ केली!

वर नव्या घरात पाणी बोअरचं, म्हणजे जास्त क्षारांचं, जड. मोली जड पाण्यात खुश असतात, निऑन आणि एंजलना मऊ पाणी लागतं, आणि असा अचानक बदल झाला की माशाच्या अंगातलं क्षार-पाण्याचं गणितच बिघडतं. पाणी दिसायला सारखंच, म्हणून आपल्याला वाटतं पाणी ते पाणी.

आता कोणी विचारलं की मी सांगतो, आदल्या दिवशी खायला घालू नका, जुनं पाणी जमेल तेवढं झाकणाच्या बादल्यांतून सोबत न्या आणि स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवा, सुकला तर मेला. टँक भरलेला उचलायचा नाही, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, काच तडकते. मासे पाण्याच्या पिशवीत न्या, पोहोचल्यावर ती बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळतं, मग उघडून दर पाच-दहा मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी त्यात घाला आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. मांगूरसारख्या काट्यांच्या माशाला जाळी नको, काटे अडकतात, मग्याने घ्यावा. त्या दिवशी टँकची लाइट बंद.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. मासा पिशवीत बरेच तास राहिला असेल तर उघडल्यावर तास-तासभर वाटी वाटी करत बसू नये, कारण बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे अमोनिया फारसा बाधत नाही, पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो (म्हणजे आम्लपणा कमी होतो) आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळलं की लगेच मासा काढलेला बरा.

कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटला आपण मासे घेतो तेव्हा दुकानदार दोन मिनिटांत पिशवीला रबरबँड लावून देतो, खाणं कोणतं ते सांगतो (तेही विकायचं असतं म्हणून), पण त्याच्याकडचं पाणी बोअरचं की म्युनिसिपालिटीचं ते मला तरी आजवर कोणी सांगितलेलं नाही. पिशवीवर मार्करने टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण), पीएच आणि पॅक केल्याची वेळ लिहायला काय जातं? टीडीएस मीटर काही फार महाग नसतो. तुमच्या पेपरमधून दुकानदारांपर्यंत एवढं पोहोचलं तरी खूप झालं.

आमचा बिल्डर तीन वर्षांत ताबा देतो म्हणतोय, म्हणजे टँक अजून एकदा हलणार. या वेळी स्पंजची बादली टेम्पोत मी मांडीवर घेऊन बसणार आहे, आईला हात लावू देणार नाही.

— एक वाचक, डोंबिवली