फोर्ट बेयार्डची पाटी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुला न्यूमोनिया झाला होता हे आम्हाला सुलूमावशीकडून कळलं, तेही तू दवाखान्यातून घरी आल्यावर. बाबा काही बोलले नाहीत. मी रागावून लिहायचं नाही असं ठरवलंय. तुझ्या न्यू मेक्सिकोत सिल्व्हर सिटीला जाताना फोर्ट बेयार्ड या जुन्या लष्करी ठाण्याची पाटी दिसते, तिथे काय होतं, असं तू विचारलं होतंस. तेवढंच लिहिते.

१८६८ साली तिथे विल्यम कॅथे नावाचा शिपाई होता, ३८व्या पायदळ पलटणीच्या ए कंपनीत. खरं नाव कॅथे विल्यम्स. बाई होती ती. जन्म मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्सचा. बाप स्वतंत्र होता, पण आई गुलाम, म्हणून लेकही गुलाम. १८६१ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या सैन्याने तिला जेफरसन सिटीहून आपल्याबरोबर नेलं. तिला जायचं नव्हतं. युद्ध संपेपर्यंत तिने छावण्यांमधून स्वयंपाक केला, धुणी धुतली. मग गुलामी सुटली, पण पोट कशावर भरायचं? जुलै १८६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने काळ्या सैनिकांच्या सहा पलटणी उभ्या करायचा कायदा केला, दोन घोडदळाच्या नि चार पायदळाच्या. महिना १३ डॉलर पगार, वर अन्न, कपडे नि निवारा. १५ नोव्हेंबरला सेंट लुईसमध्ये तिने स्वतःचंच नाव उलटं करून तीन वर्षांसाठी सैन्यात नाव घातलं. वय २२, आधीचं काम स्वयंपाक्याचं, उंची ५ फूट ९ इंच. भरतीच्या डॉक्टरने नीट तपासलं असतं तर ती दारातूनच परत गेली असती. गुपित फक्त दोघांना ठाऊक होतं, नात्यातल्या एका भावाला आणि एका मित्राला.

भरती झाली नि थोड्याच दिवसांत तिला देवी आल्या. दवाखान्यात राहून ती उठली आणि कॅन्ससमध्ये आपल्या पलटणीला जाऊन मिळाली. तू ताप उतरला की दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जातेस, तसंच. (राहू दे, लिहिणार नव्हते.)

पुढे फोर्ट हार्करहून न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट युनियनपर्यंत ५३६ मैल पायी. खांद्यावर चारेक किलोची स्प्रिंगफील्ड रायफल. त्याच उन्हाळ्यात फोर्ट हार्करला पटकीने माणसं मेली. २० जुलै १८६७ ला कंपनी फोर्ट युनियनला पोचली, सप्टेंबरमध्ये पुन्हा निघाली, १ ऑक्टोबरला फोर्ट कमिंग्जला. हे ठाणं तुझ्या डेमिंगच्या रस्त्यापासून लांब नाही. काम काय, तर खाणवाल्यांचं नि वाटसरूंचं अपाचे लोकांपासून रक्षण. ती भूमी अपाचेंचीच होती, हे मी मुलांना शिकवताना कधी गाळलं नाही. काल सुटलेल्या गुलामांच्या हाती बंदूक देऊन दुसऱ्यांच्या जमिनीवर पहारा करायला लावला होता. तिच्या कंपनीची तिथे मोठी लढाई मात्र झाली नाही. तिला शरीरानेच हरवलं.

जानेवारी १८६८ मध्ये सांधे धरले, तीन दिवस दवाखाना. मार्चमध्ये पुन्हा तेच. जुलैत फोर्ट बेयार्डला मज्जातंतूंचं दुखणं, महिनाभर कामावर नाही. एवढ्या वेळा दवाखान्यात गेली आणि बाई आहे हे कुणाला कळलं नाही! यावरूनच समज, तपासणी कशी होत असेल ते. शेवटी ती स्वतःच कंटाळली आणि डॉक्टरला कळू दिलं. १४ ऑक्टोबर १८६८ ला तिला सैन्यातून मोकळं केलं. पण दाखल्यावर शेरा पडला की ही अशक्तता भरतीच्या आधीपासूनची आहे. म्हणजे देवी, ती पायपीट, थंडी, कशाचीच जबाबदारी सरकारवर नाही.

मुक्ता, माझ्या मनातून जात नाही तो हा कागद. १८९१ मध्ये कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅडहून तिने पेन्शनचा अर्ज केला. सरकारी डॉक्टरने लिहिलं, ऐकू येतं, सांध्यांत दोष नाही. दोन्ही पायांची सगळी बोटं कापलेली, कुबडीशिवाय चालता येत नाही, हेही त्यानेच लिहिलं. का कापली, कधी कापली, काही नाही. अपंगत्व शून्य. फेब्रुवारी १८९२ मध्ये अर्ज फेटाळला.

म्हणून सांगते, दुखलं तर त्याच दिवशी सांगत जा. आम्हाला नाही तर निदान तिथल्या डॉक्टरला, आणि तारखेसकट लिहून घेत जा. पुन्हा उपदेश झाला, माफ कर. आणि खरं सांगायचं तर, सांगूनही उपयोग होतोच असं नाही. जॉर्ज जॉर्डन, टेनेसीत गुलाम म्हणून जन्मलेला, ९व्या घोडदळाचा सार्जंट. १४ मे १८८० ला फोर्ट ट्युलरोसा इथे २५ माणसांनिशी त्याने शंभरावर अपाचेंचा हल्ला परतवला. पुढे त्यासाठी मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकी सैन्याचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. लिहायला-वाचायला सैन्यातच शिकला. म्हातारपणी आजारी पडून फोर्ट रॉबिन्सनच्या दवाखान्यात गेला, तर जागा नाही म्हणाले. ऑक्टोबर १९०४ मध्ये गेला. अंत्यसंस्कार लष्करी इतमामाने केले. हे वाचून मला रात्री झोप लागत नाही, आणि तुझी फुप्फुसं आठवतात.

१८९९ मध्ये फोर्ट बेयार्डचं सैन्याच्या क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं, कोरड्या हवेमुळे. ती हवा तुला मानवेल असं बाबा म्हणतात. तू एकटी एवढ्या लांब राहतेस, स्वतःच्या पगारावर, याचा मला फार अभिमान आहे. आजीला अजून काही सांगितलेलं नाही.

जमलं तर एवढं कर: डिस्चार्जचे सगळे कागद, छातीचा एक्स-रे आणि औषधांची चिठ्ठी यांचे फोटो काढून मला पाठव. डॉ. काकांना दाखवते. पुढची तपासणी कधी आहे, तेही कळव.

तुझी,
आई