माल दिला तरी मालकी राखा

दिवाळखोर कंपन्यांकडे लघुपुरवठादारांच्या बुडालेल्या उधारीवरील आपला अग्रलेख वाचला. दुखणे अचूक मांडले आहे, पण हाताशी असलेला उपाय राहून गेला. पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी विक्रेत्याकडेच राहील, ही अट १९३० च्या मालविक्री कायद्याला मान्य आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६ नुसार कंपनीच्या ताब्यातील परक्या मालकीच्या वस्तू अवसायनाच्या (कंपनी मोडीत काढून देणी भागवण्याच्या) मालमत्तेत धरल्या जात नाहीत. अट नसेल, तर पुरवठादार बँका, कामगार आणि सरकारी देण्यांच्याही मागे रांगेत उभा राहतो. मात्र ही अट ऑर्डर घेतानाच लिहून घ्यायला हवी. माल पोहोचल्यावर बिलाच्या तळाशी छापून भागत नाही. शिवाय आपला माल वेगळा ओळखता येईल तोवरच ही अट उपयोगी: यंत्र वेगळे ओळखता येते, वितळवलेले पोलाद नाही. जिल्हा उद्योग केंद्रांनी अशा कराराचा मराठी नमुना लघुउद्योजकांना उपलब्ध करून द्यावा.

— एक लघुउद्योजक, चिंचवड