चिपीला प्रवासी नाहीत म्हणण्याआधी विमानाची वेळ बघा

महोदय,

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा विषय निघाला की "प्रवासीच नाहीत तर विमान कशाला" असं सर्रास म्हटलं जातं, आणि मला ते अजिबात पटत नाही. ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, केंद्राच्या अनुदानावर स्वस्त विमानसेवा देणाऱ्या उडान योजनेत मुंबईची फेरी लागली, तीन वर्षांची मुदत संपली आणि २०२४ मध्ये फेरी बंद. पण लोकांसमोर पर्याय काय ठेवला होता? एटीआर ७२ म्हणजे सत्तरेक सीटचं विमान, दिवसाला एकच फेरी आणि सुरुवातीला तर तीही भर दुपारी, म्हणजे जाताना अर्धा दिवस मोडला आणि येतानाही मोडला, त्यापेक्षा रात्री कोकणकन्या पकडली की सकाळी कुडाळला उतरता येतं आणि रजाही वाचते. त्यात जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातलं मोपा विमानतळ सुरू झालं, तिथे दिवसभर विमानं, मग बांदा-सावंतवाडीचा माणूस चिपीच्या एका विमानासाठी का थांबेल? हा प्रवासी आहेच की, फक्त त्याने दुसरा पर्याय घेतला.

गणपतीत उलटं होतं. विमान फुल झालं की ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांची नोंद विक्रीच्या आकड्यात कुठेच येत नाही. दोनशे जणांनी शोधलं तरी हिशोबात सत्तरच दिसणार आणि पुढच्या वर्षी परत तेवढंच विमान लागणार!

कुठल्या रूटवर कुठलं विमान लावायचं हे कंपन्या आता कॉम्प्युटरवरच ठरवतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक फेरीला एवढे प्रवासी असा ठरीव आकडा धरायचे, पण वेळ बदलली, भाडं बदललं की माणूस कुठे वळतो हे धरून गणित मांडायच्या पद्धतीही कधीच्या आल्यात, मग कोकणासाठी त्या का वापरू नयेत? शुक्रवारी संध्याकाळी जाणारं आणि सोमवारी पहाटे परतणारं विमान ठेवून तरी बघा. चिपीची धावपट्टी अडीच हजार मीटरची आहे, गणपतीत तिथे एअरबस ए३२० उतरू शकतं. हां, एटीआरचे पायलट ते विमान चालवू शकत नाहीत, त्यामुळे ऐनवेळी अदलाबदल जमत नाही, आधीच ठरवावं लागतं, आणि गणपती विमानांच्या उन्हाळी वेळापत्रकात येतो जे मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं आणि ऑक्टोबरपर्यंत चालतं, म्हणजे मागणी त्याच्या बरीच आधी करायला हवी, ऑगस्टमध्ये निवेदनं देऊन काय उपयोग.

मुंबईत सकाळ-संध्याकाळचा स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरवून दिलेली वेळ, मिळणं अवघड, तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरता येते, हे मान्य. पण आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय, तिथले काही सोयीचे स्लॉट कोकणासाठी राखून ठेवा. आणि राज्य सरकारने चिपीच्या फेरीला पैसे दिलेच तर त्यात वेळेची अट घालावी, आणि तिकीट शोधून परत गेलेल्यांचा आकडाही कंपनीकडून मागून घ्यावा.

– एक चाकरमानी, डोंबिवली (मूळ गाव कुडाळ तालुका)