पुट्टी, ग्लोव्हज आणि तुझं ते लोखंड

बाळा,

परवा फोनवर तू इतका चिडून बोललास की मी नुसतं हं हं करत राहिले, मग पत्रच लिहायला घेतलं कारण फोनवर तू मला पुरतं बोलू कुठे देतोस. तीन आठवडे राबून बनवलेलं लोखंड-सिलिकॉनचं कंपाउंड, तुझ्या त्या हवाबंद ग्लोव्ह बॉक्सला गळती लागून आत हवा शिरली म्हणून एका रात्रीत तपकिरी झालं, हे वाईटच झालं. पण त्यानंतर तू जे म्हणालास ना, की लोखंड-सिलिकॉनचा बॉंड, म्हणजे त्यांच्यातला रासायनिक बंध, टिकतच नाही तर याचा उपयोग काय, ते काही मला पटलं नाही.

अरे तुझी दातांची डॉक्टर आई बावीस वर्षं पेशंटच्या तोंडात सिलिकॉनची पुट्टी दाबून दातांची मापं घेतेय! दोन डबे असतात बघ, एकात सिलिकॉन-हायड्रोजनवाल्या साखळ्या, दुसऱ्यात व्हाइनिलवाल्या (म्हणजे कार्बन-कार्बनचा दुहेरी बॉंड असलेल्या) आणि चिमूटभर प्लॅटिनम. दोन्ही हाताने मळले की प्लॅटिनम आधी सिलिकॉन आणि हायड्रोजनच्या मध्ये घुसतं, म्हणजे घटकाभर प्लॅटिनम-सिलिकॉन बॉंड बनतो, मग व्हाइनिल येऊन हायड्रोजन घेतं, शेवटी सिलिकॉनही घेतं आणि प्लॅटिनम मोकळं होऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे. चॉक आणि हॅरड या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी 1965 साली हे मांडलं, हे तूच मला मागच्या दिवाळीत फराळाच्या ताटावर काढून दाखवलं होतंस, चकलीला प्लॅटिनम करून. आता तो बॉंड हट्टाने टिकून बसला असता तर पुट्टी घट्ट झालीच नसती आणि पेशंट तोंड उघडं ठेवून संध्याकाळपर्यंत बसला असता. (तुझं कंपाउंड बाटलीत तरी टिकायला हवं हे मान्य, तो राग रास्त आहे.)

तुला एक सांगितलं नव्हतं. क्लिनिक नवीन होतं तेव्हा एका आजोबांच्या कॅपचं माप तीन वेळा बिघडलं, पुट्टी वरून चिकटच राहायची, मी डब्याला शिव्या घातल्या, सप्लायरशी भांडले, आजोबा बिचारे म्हणाले, ताई राहू द्या, मी कवळीच लावतो. शेवटी कळलं की दोष माझ्या हातातल्या लेटेक्स ग्लोव्हजचा, त्यातलं गंधक प्लॅटिनमला असं चिकटतं की ते सिलिकॉनकडे बघतही नाही. कॉलेजात हे शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं मी! तेव्हापासून पुट्टीला नुसत्या धुतलेल्या हाताने नाहीतर व्हाइनिल प्लास्टिकचे ग्लोव्हज घालूनच हात लावते. आणि माप घेतल्यावर लगेच प्लास्टर ओतायचं नाही, तासभर थांबायचं, कारण उरलेल्या सिलिकॉन-हायड्रोजनमधून हायड्रोजन सुटतो आणि प्लास्टरच्या दाताला बारीक बारीक भोकं पडतात, काही पुट्टीत तर तो हायड्रोजन शोषायला पॅलेडियम घालतात.

आणि लोखंडाचं म्हणशील तर पहिला लोखंड-सिलिकॉन बॉंड विल्किन्सन या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या जोडीदारांनी 1956 मध्येच दाखवला होता ना, तूच सांगितलंस. म्हणजे कितीतरी वर्षं लोक त्याच्या मागे आहेत, तुझे तीन आठवडे कुठे घेऊन बसलास. प्लॅटिनम सोन्याच्या पंगतीतलं, आणि पुट्टीत गेलेलं प्लॅटिनम परत मिळतं थोडंच, ते मापाबरोबर कचऱ्यात जातं, म्हणून तर चिरिक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या ग्रुपने 2012 मध्ये प्लॅटिनमचं हेच जोडणीचं काम लोखंडाकडून करून घेतलं तेव्हा तू रात्री अकराला मला पेपर पाठवला होतास. मला त्यातलं अर्धंच कळलं पण मी दोनदा वाचला.

बेसनाचे लाडू आणि तुझा तो निळा स्वेटर कुरिअरने पाठवतेय, डबा रिकामा परत आण, झाकणासकट.

एक विचारायचं राहिलं, तुझ्या लोखंडालाही गंधक असंच बाधतं का रे? ग्लोव्ह बॉक्सचे ते काळे जाड हातमोजे कशाचे आहेत ते एकदा बघ आणि कळव.

तुझी,
आई